छडी गेली, टोमणा तसाच

‘द वॉल’ या अल्बममधल्या त्या प्रसिद्ध कडव्यात छडीचा उल्लेखच नाही. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं हे गाणं १९७९ च्या नोव्हेंबरात आलं तेव्हा ब्रिटनच्या शाळांमध्ये मुलांना छडीने मारणं पूर्ण कायदेशीर होतं. तिथल्या सरकारी शाळांतली छडी बंद व्हायला १९८७ साल उजाडलं, तेही संसदेत एका मताच्या फरकाने. म्हणजे बँडचा गीतकार रॉजर वॉटर्सला शाळेविरुद्ध तक्रार करायची होती, तर छडी आयती समोर होती. तरी ‘अनदर ब्रिक इन द वॉल’च्या दुसऱ्या भागात मुलं नको म्हणतात ते तीन गोष्टींना. हे असलं शिक्षण नको, आमच्या विचारांवर ताबा नको, आणि वर्गातला तो काळा, विखारी उपहास नको. मग शिक्षकांना हाक: पोरांच्या वाटेला जाऊ नका.

पहिली ओळ जगभर घोषणेसारखी म्हटली गेली. पुण्या-मुंबईच्या होस्टेलांत परीक्षेच्या आदल्या रात्री ती ओरडून म्हणणारी मुलं आज स्वतः पालक आहेत. तिसरी मागणी मात्र कुणाच्या फारशी ध्यानात राहिली नाही. माझं म्हणणं असं, की या अख्ख्या अल्बमचा जीव त्या तिसऱ्या मागणीत आहे, आणि आपल्या शाळांमधला अजून न सुटलेला प्रश्नही तोच आहे. मुलांना मारू नये हे आपण कायद्याने मान्य केलं, निदान तोंडाने तरी. मुलांचा अपमान करू नये हे मात्र आपल्याला अजून पटलेलं नाही.

ज्यांनी फक्त ते एक गाणं ऐकलंय त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. ‘द वॉल’ हा दोन तबकड्यांचा अल्बम. अमेरिकेत तो सलग १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. गोष्ट आहे पिंक नावाच्या एका रॉक गायकाची. बाप दुसऱ्या महायुद्धात गेलेला. आई इतकी जपणारी की पोराला मोकळा श्वास घेता येऊ नये. शाळेत मास्तरांचा जाच. पुढे लग्न मोडतं. असा एकेक घाव म्हणजे एकेक वीट, आणि त्या विटा रचून पिंक स्वतःभोवती भिंत बांधतो. ‘अनदर ब्रिक’चे तीन भाग आहेत आणि तिन्हींची चाल साधारण एकच आहे. पहिल्या भागात बाप समुद्रापार गेलाय आणि मागे उरलाय घरच्या अल्बममधला एक फोटो. दुसऱ्यात शाळा. तिसऱ्यात, बायको दुरावल्यावर, मला कुणाचीच गरज नाही ही किंकाळी. नुसता मधला भाग उचलला तर ते बंडाचं, मस्तीचं गाणं वाटतं. तिन्ही भाग ओळीने ऐकले की दुसऱ्याचा सूर बदलतो. बाप नसलेलं एक पोर शाळेच्या दारात आलं, आणि शाळेने त्याच्या हातात काय ठेवलं, असा तो प्रश्न होतो.

त्याचं उत्तर आदल्या गाण्यात आहे. ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ नावाचं हे गाणं दोन मिनिटांचंही नाही. हेलिकॉप्टरची घरघर जवळ येते, मास्तरचा आवाज कडाडतो, ‘ए, तूच! उभा राहा जागेवर!’ आणि मग वॉटर्स सांगतो की काही मास्तर असे होते, जमेल त्या मार्गाने मुलांना दुखवायचे. मार्ग कोणता, तर मुलाने काहीही केलं तरी त्याची टर उडवायची. त्याने कितीही जपून लपवलेलं उणं चारचौघांत उघडं पाडायचं.

‘कितीही जपून लपवलेलं’ यापाशी मी दर वेळी थांबतो. वर्गात बसलेलं प्रत्येक मूल काहीतरी लपवत असतं. कुणी तोतरेपणा, कुणी फाटका सदरा, कुणी घरातली भांडणं, कुणी न कळलेला भागाकार, कुणी वहीच्या शेवटच्या पानावर केलेली कविता. शिक्षकाला ते दिसतं, कारण मुलांकडे बघणं हेच त्याचं काम आहे. त्या बघण्यातून आधार देता येतो आणि त्याच बघण्यातून वार करता येतो. छडी मारायला मूल ओळखावं लागत नाही. पुढे केलेला कुठलाही हात चालतो. टोमणा वर्मी लागायचा तर मुलाला आधी नीट ओळखावं लागतं. म्हणून तो जास्त खोल जातो. छडीचा वळ चार दिवसांत जातो, पण माझ्या मास्तरांनी मला पुरतं ओळखलं आणि ओळखून माझी चेष्टा केली, ही जाणीव मूल आयुष्यभर बाळगतं.

ॲलन पार्करने १९८२ मध्ये या अल्बमवर चित्रपट केला. त्यात मुलं रांगेने चालत जाऊन खिमा करायच्या यंत्रात पडतात, ते दृश्य सगळ्यांना आठवतं. मला त्याआधीचं दृश्य जास्त महत्त्वाचं वाटतं. मास्तर पिंकची वही हिसकावतो आणि त्यातली कविता नाटकी आवाजात वर्गाला वाचून दाखवतो. वर्ग हसतो. पट्टी त्यानंतर हातावर बसते. कवितेच्या त्या ओळी ‘मनी’ या पिंक फ्लॉइडच्याच गाण्यातल्या आहेत; ते गाणं १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या प्रचंड खपलेल्या अल्बममधलं. वर्गाने ज्या ओळींची थट्टा केली त्याच पुढे जगाने डोक्यावर घेतल्या, असं त्यातून सुचवलंय. मला यात विजयापेक्षा धोकाच जास्त दिसतो. रॉजर वॉटर्स तरला, म्हणून त्या ओळी आपल्यापर्यंत आल्या. ज्यांच्या वह्या तेव्हाच बंद झाल्या त्यांच्या ओळी आपल्याला कधी कळणारच नाहीत. ‘आमच्या मास्तरांनी आम्हाला फोडून काढलं म्हणून आम्ही घडलो’ असं माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात माइकवर सांगणारे असतात, तेव्हा मला हेच आठवतं. जे घडले नाहीत ते मेळाव्याला आलेलेच नसतात.

हा अल्बम मुळात सुचला तो एका अपमानातून, आणि तो अपमान वॉटर्सने स्वतः केलेला होता. ६ जुलै १९७७ ला कॅनडातल्या माँट्रिऑलच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम होता. गर्दी प्रचंड, फटाके, आरडाओरडा. पुढे घुसून ओरडणाऱ्या एका चाहत्याच्या अंगावर वॉटर्स थुंकला. नंतर त्याला स्वतःचीच शिसारी आली. आपल्यात आणि ऐकणाऱ्यांत एक भिंत आहे, ती खरोखरच रंगमंचावर बांधून दाखवावी, ही कल्पना तिथून निघाली. १९८० आणि १९८१ च्या कार्यक्रमांत पुठ्ठ्याच्या मोठमोठ्या विटांची भिंत बँड आणि प्रेक्षकांच्या मधे हळूहळू उभी राहायची आणि शेवटी कोसळायची.

‘द वॉल’ हे कोट्यधीशाचं रडगाणं आहे, असा आक्षेप तेव्हापासून आहे. पैसा, नाव, बंगले असलेल्या माणसाने इतकं काय कुढायचं? आक्षेप समजण्यासारखा आहे, पण तो अल्बमचा दुसरा अर्धा भाग ऐकत नाही. तिथे पिंक नुसता कुढत नाही. डॉक्टरच्या सुईने बधिर करून त्याला रंगमंचावर उभं केलं जातं आणि तो हुकूमशहा होतो. प्रेक्षकांतून माणसं वेचून काढतो: हा वेगळ्या वंशाचा, हा वेगळ्या आवडीचा, याच्या तोंडावर पुटकुळ्या, यांना भिंतीशी उभं करा. मास्तर नेमकं हेच करायचा. भरलेल्या वर्गातून एकाला उभं करायचं, त्याचं उणं सगळ्यांना दाखवायचं आणि बाकीच्यांना हसायला लावायचं. ज्या मुलाला उभं केलं गेलं तोच मोठेपणी इतरांना उभं करतो. वर्गातल्या हशापासून जमावाच्या जल्लोषापर्यंतचा हा रस्ता वॉटर्सने इतका स्पष्ट आखलाय की त्याला रडगाणं म्हणणं हा अन्याय आहे.

या रागाची एक बाजू फार कमी वेळा सांगितली जाते. वॉटर्सचे आई-वडील दोघेही शिक्षक होते. वडील एरिक फ्लेचर वॉटर्स आधी युद्धविरोधी होते. त्यांनी सैन्यात जायला नकार दिला, लंडनवर बॉम्ब पडत होते त्या काळात रुग्णवाहिका चालवली, आणि मग मत बदलून सैन्यात गेले. १८ फेब्रुवारी १९४४ ला इटलीतल्या आन्झिओच्या लढाईत ते मारले गेले. रॉजर तेव्हा पाच महिन्यांचा होता. ज्याचा फोटो पहिल्या विटेत आहे तो बाप स्वतः शिक्षक होता, हे कळल्यावर दुसरी वीट मला वेगळी ऐकू येते. शिक्षक हा शब्द ज्या घरात प्रेमाने उच्चारला जात असणार, त्या घरातलं पोर केंब्रिजच्या मुलांच्या शाळेत जाऊन मास्तरांची थट्टा सोसत होतं. १९७९ मध्येच बीबीसी रेडिओवरच्या मुलाखतीत त्याने स्पष्ट केलं होतं की ही सरसकट सगळ्या शिक्षकांची निंदा नाही. पण वाईट शिक्षक माणसाचं फार नुकसान करू शकतात, आणि त्याच्या शाळेत तसे काही होते.

मुलांच्या आवाजाची गोष्ट तर या सगळ्यापेक्षा बोलकी आहे. गाणं मुळात एका कडव्याचं होतं, जेमतेम सव्वा मिनिटाचं. निर्माता बॉब एझ्रिनला त्यात लोकप्रिय गाणं दिसत होतं, पण लांबी पुरत नव्हती. त्याने तेच कडवं पुन्हा जोडलं आणि दुसऱ्या वेळी ते शाळकरी मुलांकडून गाऊन घ्यायचं ठरलं. बँडचा लंडनमधला स्टुडिओ इस्लिंग्टनमध्ये होता. ध्वनिमुद्रक जवळच्याच इस्लिंग्टन ग्रीन शाळेत गेला आणि तिथले संगीतशिक्षक ॲलन रेनशॉ यांनी २३ मुलं आणली. मुख्याध्यापिकेला गाण्याचे शब्द कळणार नाहीत याची काळजी रेनशॉ यांनी घेतली होती.

ते दुसरं कडवं कान देऊन ऐका. शब्द तेच, चाल तीच, खालचा ठेकाही तोच. पहिल्यांदा बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोर आणि वॉटर्स गातात तेव्हा ती पस्तिशीतल्या माणसांची जुनी कुरबूर वाटते. मुलं गातात तेव्हा त्यांचे लंडनी उच्चार, थोडं ओरडून गाणं, सुरापेक्षा दम जास्त, यामुळे तेच शब्द आजचे होतात. तक्रार करणारा आता आठवणीतला मुलगा राहत नाही. तो आत्ता बाकावर बसलेला असतो. शेवटी मास्तर ओरडत राहतो, मटण संपवलं नाहीस तर गोड कसं मिळेल? जेवणाच्या ताटावरूनही धाक घालणारा तो आवाज मुलांच्या गाण्यानंतर एकदम केविलवाणा वाटतो.

आता बघा, शिक्षणाविरुद्ध म्हणून गाजलेलं हे गाणं शक्य झालं ते एका चांगल्या शिक्षकामुळे. मुलांना घेऊन स्टुडिओत जाणारा, त्यांच्या आवाजावर भरवसा ठेवणारा, वेळ आली तर वरच्यांचा रोष पत्करणारा शिक्षक. त्या मुलांना शिक्षण नको होतं असं कोण म्हणेल? त्या दिवशी त्यांना जे मिळालं ते शिक्षणच होतं. लंडनच्या शिक्षण खात्याने नंतर नाराजी व्यक्त केली. मुख्याध्यापिकेलाही हे आधी न कळल्याचं वाईट वाटलं, पण मुलांच्या संगीतशिक्षणाचा तो एक समृद्ध भाग होता असंच त्यांचं मत पडलं. शाळेला १,००० पौंड मिळाले. मुलांना पैशांत काहीच नाही. गाणं ब्रिटनमध्ये १९७९ च्या नाताळात पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत चार आठवडे पहिलं राहिलं, आणि गाणारी मुलं मानधनाच्या हक्कासाठी उभी राहिली ती थेट २००४ च्या सुमारास, चाळिशीच्या उंबरठ्यावर. मुलांना बरोबरीने वागवा असं सांगणाऱ्या गाण्याने स्वतःच्या मुलांना बरोबरीचा वाटा दिला नाही. हा डाग लहान नाही.

गाण्याचा अर्थ कुणाला नीट कळला असेल तर तो दक्षिण आफ्रिकेतल्या शाळकरी मुलांना. १९८० च्या एप्रिलमध्ये केपटाऊनच्या आसपासच्या शाळांत मुलांनी बहिष्कार सुरू केला. वर्णभेदी राजवटीत गोऱ्या मुलांच्या शाळांवर होणारा खर्च आणि आपल्या शाळांची दशा यातला फरक त्यांना सहन होईना. मोर्च्यांत हे गाणं म्हटलं जाऊ लागलं. मे १९८० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. ही मुलं शाळा नको म्हणत नव्हती. पुस्तकं हवीत, दुरुस्त इमारती हव्यात, आम्हाला कमी लेखणारं शिक्षण नको, ही त्यांची मागणी होती. पहिली आणि तिसरी मागणी त्यांनी एका श्वासात केली, त्यामुळे पहिलीचा अर्थ आपोआप सरळ झाला.

आपल्याकडे हे गाणं ऐकताना एखाद्याच्या मनात राग येतो, तो मला योग्य वाटतो. शिक्षण नको? ‘विद्येविना मती गेली’ असं जोतीराव फुल्यांनी सांगितलं त्या मातीत, जिथे सावित्रीबाई अंगावर शेण-चिखल झेलत शाळेत शिकवायला जात होत्या, तिथे ही ओळ गुणगुणणं म्हणजे पोट भरलेल्यांची चैन आहे, असं वाटू शकतं. पण त्याच मातीतला दुसरा पुरावा बघा. साताऱ्याच्या शाळेत लहान भीमरावांना घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर वेगळं बसावं लागे आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी मिळत नसे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तर वर्गातली मुलं फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलायला धावली. या प्रसंगांत छडी कुठे आहे? कुणी हात उगारलेला नाही. तरी शाळेने मुलावर करता येईल तो सगळ्यात मोठा आघात तिथे झालेला आहे. आंबेडकरांनी त्यावर शिक्षण सोडा असं सांगितलं नाही, शिका असंच सांगितलं. शिक्षणाची भूक आणि अपमानाचा विरोध या दोन्ही गोष्टी एकाच माणसात, एकाच वेळी असू शकतात. केपटाऊनच्या मुलांनी हेच दाखवलं. आपल्याला ते त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत असायला हवं होतं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ मध्ये दोन गोष्टींना एकत्र मनाई आहे, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ. दोन्ही एका वाक्यात, एका तोलाने. उल्लंघन करणाऱ्यावर सेवा नियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई, असंही पुढे आहे. पण मानसिक छळ म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात नाही, आणि व्यवहारात पहिला अर्धा भाग तेवढा जिवंत राहिला. पोराच्या पाठीवर वळ दिसला तर बाप शाळेत जाऊन जाब विचारतो, फोटो काढतो, बातमी होते. पोर घरी येऊन नुसतं गप्प बसलं तर त्याचा फोटो कसा काढणार?

सहामाहीचे पेपर वाटायचा दिवस आपल्यातल्या बहुतेकांना आठवत असेल. गठ्ठा टेबलावर. सगळ्यात जास्त गुणांपासून सुरुवात, नाव, गुण, शाबासकी. गठ्ठा कमी होत जातो तसतसा शेवटच्या बाकावरचा मुलगा बसल्या जागी आक्रसत जातो. पन्नासात नऊ. ‘यांना टाळ्या वाजवा रे!’ वर्ग टाळ्या वाजवतो, कारण वाजवल्या नाहीत तर पुढच्या वेळी आपली पाळी. हात कुणी लावला नाही. तक्रार काय लिहिणार?

याच्या बहिणी-भावंडांची यादी लांब आहे. हुशारांची अ तुकडी आणि उरलेल्यांची ड तुकडी. फी भरली नाही त्यांना हजेरी झाल्यावर उभं करणं. ‘ढ’ म्हणून हाक. घराण्यावरून, गावावरून, बोलण्याच्या लकबीवरून टोला. ‘ण’चा ‘न’ झाला की शुद्ध बोलणाऱ्या गुरुजींना स्फुरण चढतं. आता पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुणांची अख्खी यादी येते, म्हणजे पूर्वी पन्नास जणांपुढे होणारी नाचक्की आता शंभर घरांत पोचते. आणि घरोघरी आपण पालक काय करतो? ती यादी वाचून शेजारच्या मुलाचं नाव घेतो. शाळेला दोष देऊन मोकळं होता येणार नाही.

यावर शिक्षकांचं उत्तर ठरलेलं आहे, आणि ते हलक्यात घेण्यासारखं नाही: आमचे हात बांधले. मारायचं नाही, ओरडायचं नाही, मग साठ पोरांचा वर्ग आवरायचा कसा? गंमत नाही ही. पण हे उत्तर ‘द वॉल’मध्ये शब्दशः आहे. अल्बमच्या शेवटी ‘द ट्रायल’ नावाचं गाणं आहे, पिंकच्या डोक्यात चालणारा खटला. पहिला साक्षीदार मास्तर. तो न्यायाधीशाला सांगतो, हा पोरगा वाया जाणार हे मी आधीपासून म्हणत होतो. मला मोकळीक असती तर सोलून सरळ केला असता. पण माझे हात बांधले होते, या हळव्या मनाच्या लोकांनी आणि कलावंतांनी त्याला मोकाट सोडला. आणि पिंकवरचा आरोप काय, तर त्याने माणसासारख्या भावना दाखवल्या. मास्तरला अजून हेच कळलेलं नाही की पोरगा वाया गेला असेल तर त्यात त्याच्या टोमण्यांचा वाटा आहे. त्याच्या लेखी शिस्तीला एकच पर्याय आहे, शिस्तीचा अभाव. रेनशॉ यांचा वर्ग त्याने पाहिलेला नाही.

ब्रिटनमध्येही छडी बंद व्हावी म्हणून झगडणाऱ्यांत शिक्षकच होते. शारीरिक शिक्षेला विरोध करणाऱ्या शिक्षकांची संघटना तिथे १९६८ पासून काम करत होती. आपल्याकडेही मुलांचा मान राखून वर्ग सांभाळणारे शिक्षक प्रत्येक तालुक्यात सापडतात. त्यांच्या वर्गात शांतता असते, ती धाकाची नसते. तेव्हा अपमानाशिवाय शिकवता येतं का, या प्रश्नाचं उत्तर कधीच मिळालेलं आहे. ते सगळ्यांना का जमत नाही, हा खरा प्रश्न आहे.

इथे अल्बम अर्धं बरोबर सांगतो आणि अर्धं फार चुकतो. वॉटर्स म्हणतो, हे मास्तर घरी गेले की त्यांच्या बायका त्यांना बदडायच्या. म्हणजे अपमान वरून खाली येतो हे त्याने ओळखलं, आणि वर कोण आहे हे शोधताना स्त्रीकडे बोट दाखवलं. मास्तरची बायको जाड आणि विकृत, पिंकची आई गुदमरवणारी, पिंकची बायको दगा देणारी. अल्बमभर दोष बायकांच्या पदरात पडतो, आणि अल्बमचा व्यंगचित्रकार जेराल्ड स्कार्फच्या रेखाटनांनी तर त्यांना हिंस्र प्राण्यांचं रूप दिलं. हा या कामाचा सगळ्यात दुबळा भाग आहे आणि त्याचं समर्थन करायची मला इच्छा नाही. मास्तरचा अपमान खरोखर कुठे होत होता, हे बघायला वॉटर्सने स्टाफरूममध्ये, पगाराच्या रांगेत, तपासणी अधिकाऱ्यासमोर जायला हवं होतं.

आपण तिथे जाऊ शकतो. २०२३ मध्ये वाढ होईपर्यंत महाराष्ट्रातल्या प्राथमिक शिक्षणसेवकाला महिन्याला ६,००० रुपये मानधन मिळत होतं, तीन वर्षं, पूर्ण वेळ कामासाठी. जनगणना, निवडणूक ही कामं तर कायद्यानेच शिक्षकावर टाकता येतात. वर पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन भरायची माहिती. साहेब तपासणीला येतात आणि मुलांसमोरच गुरुजींना विचारतात, ‘हेच शिकवलं का वर्षभर?’ साहेबांची गाडी गेल्यावर त्या वर्गात पुढचा तास कसा जात असेल? ज्याला मुलांदेखत खाली मान घालावी लागली, त्याने पाच मिनिटांनी मुलांचा मान राखावा ही अपेक्षा आपण ठेवतो. ठेवायलाच हवी. पण साहेबांनाही तोच नियम लावल्याशिवाय ती पूर्ण होणार नाही. कलम १७ मुलांपुरतं आहे. शिक्षकाला मुलांसमोर अपमानित करण्याची मनाई खात्याने स्वतः, लेखी, परिपत्रक काढून करावी, अशी मागणी शिक्षक संघटनांनी वेतनाच्या मागण्यांच्या शेजारी का ठेवू नये?

आणि पालकांच्या हातातही काही आहे. त्याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती ठेवलेली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. तिच्या बैठकीत शौचालय, गणवेश, संरक्षक भिंत, निधी यांवर चर्चा होते, होत राहावी. एका बैठकीत कलम १७ चा दुसरा अर्धा भाग विषयपत्रिकेवर घ्यावा. पेपर कसे वाटले जातात, गुणांची यादी कुठे लागते, फी थकलेल्यांची नावं कुठे वाचली जातात, तुकड्या कशा पाडल्या जातात, एवढे चार साधे प्रश्न शिक्षकांसोबत बसून बोलावेत. पेपर उपडा ठेवून ज्याचा त्याच्या हातात द्यायला पैसे लागत नाहीत. यादी ग्रुपवर न टाकता पालकाला एकट्याला पाठवायला तर कमीच वेळ लागतो. मग मुलांनाही विचारावं, नाव न लिहिता चिठ्ठीवर: वर्गात कुणी काय बोललेलं तुम्हाला अजून आठवतं? चिठ्ठ्या शिक्षकांनी आणि पालकांनी एकत्र बसून वाचाव्यात, कारण त्यांतल्या बऱ्याच घरातल्या माणसांच्या बोलण्याबद्दलच्या निघतील.